सही करण्यापूर्वीं

जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ मध्यें राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ मध्यें बंद पडली. गिरणी अशी बुडूं लागली म्हणजे कामगारापुढें स्वेच्छानिवृत्तीचा कागद येतो : एकरकमी पैसे घ्या, बाकीचे हक्क सोडा. घरची चूल थंडावलेली असतां ‘स्वेच्छा’ हा शब्द जरा उदारच म्हणावयाचा! परंतु ती सही पोकळ नव्हे. रक्कम स्वीकारल्यावर मागील वेतनवाढीचा दावा उरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं बिंदल खटल्यांत सांगितलें. ग्रॅच्युइटीची गोष्ट निराळी. सेवेच्या दर वर्षास पंधरा दिवसांचें वेतन १९७२ च्या कायद्यानें ठरविलें, आणि कोणताही करार त्याच्या आड येऊं दिला नाहीं. तेव्हां कागदावरील मोठ्या आंकड्यांत ही रक्कम धरलेली आहे कीं ती वेगळी मिळणार, हें कामगारानें आधीं विचारावें, आणि उत्तर लेखी घ्यावें.