चोरीचा कुंचला



मोहल्ल्यातल्या वाचनालयासाठी मी पोस्टरं करायचो. एकदा 'परीक्षेत कॉपी नको' हे पोस्टर अब्बूंना दाखवलं. त्यांनी विचारलं, "हे ज्यात काढलंस, ते सॉफ्टवेअर विकत घेतलंस का?" माझी मान खाली गेली. ते क्रॅक केलेलं होतं.

त्याच रात्री मी क्रिता डाउनलोड केलं. ते मोफत आहे. विंडोज, लिनक्स, मॅकवर चालतं. ब्रश, लेअर, अ‍ॅनिमेशनही आहे. त्याचा सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी मुभा त्याच्या जीपीएल परवान्यातच आहे. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा यातच रंगवतात.

पण मोफत मिळतं म्हणून ते आपोआप तयार होत नाही. २०१४ साली जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून क्रिताच्या कामाला पैसा उभा केला. मीही पहिल्या कमाईतून थोडी वर्गणी पाठवली. तुमच्याकडे पैसे नसतील, तर सापडलेला दोष नीट लिहून कळवा, मराठी भाषांतराला हातभार लावा, धाकट्या बहिणीला शिकवा. जिथून घेतलं, तिथं थोडं परत ठेवू या.