घड्याळातले तास आणि वाटेतले तास



लंडनहून मुंबईला यायला विमानाला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय! पण गेल्या माघात आमच्या माधवनगरात एका घरी हाच प्रश्न रात्री अकराला उभा राहिला. घरातले आजोबा गेले. थोरला मुलगा लंडनला. त्याचा फोन आला, "सकाळी दहाचं विमान मिळालं, निघतो," आणि बंद झाला. आता थांबायचं किती?

शेजारच्या काकांनी हिशेब मांडला. "मागं जाताना तो मुंबईहून रात्री दोनला निघाला आणि सहाला लंडनात उतरला. म्हणजे चार तास. उद्या दहाला निघाला की दोनला मुंबई. पुढं मोटारीनं सात-आठ तास. रात्री दहाला घरी!"

सर्वांना पटलं. आठवीतल्या नातीला मात्र पटलं नाही. ती म्हणाली, "काका, ते दोन आपल्या घड्याळातले आणि सहा तिकडचे."

पोरीचं बरोबर होतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य आपल्याकडे आधी उगवतो. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या मागे साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार. तिथले सहा म्हणजे आपले साडेअकरा. जाताना लागले होते साडेनऊ तास! येताना तिथले दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. वाटेत नऊ तास धरले, तर मुंबईला रात्रीचे साडेबारा. घर गाठायला दुसरी सकाळ. वडीलधाऱ्यांनी बर्फाची पेटी आणवली. मुलगा सकाळी नऊच्या सुमारास पोचला. अग्नी त्याच्याच हातून दिला गेला.

येताना वेळ कमी का? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी असतो, जाताना समोरून येतो.

गुरुजनांनी हे वर्गात करून दाखवावं. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. तो काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधून जातो. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषा बरीच दक्षिणेला, सीरिया-तुर्कस्तानच्या बाजूनं जाते. जवळची वाट दोऱ्याची. ती सुमारे ७२०० किलोमीटर भरते. कुठं लढाई चालू असली, की तिथलं आकाश टाळून विमान वळसा घेतं आणि वेळ वाढतो.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा इथं थांबत गेलं. आज मुंबईचं विमान थेट लंडनला उतरतं.

तेव्हा दूरदेशीचं माणूस यायचं असेल, तर तीन गोष्टी विचारून घ्या. सांगितलेली वेळ कुठल्या घड्याळातली? वाटेतले तास किती? आणि विमान उतरल्यावर घर किती लांब? एवढं विचारलंत, तर दारात बसलेल्या आईला खोटी वेळ सांगावी लागणार नाही.