दुसऱ्याच्या हाती उतरलेला प्रयोग

(केम, ता. करमाळा येथे दिलेले व्याख्यान)



केमला रंगाची गोष्ट नव्याने सांगायला नको. हे कुंकवाचं गाव. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हळदीला दर्शक म्हटलंय: आम्लात पिवळी राहते, आम्लारीत लाल होते.

रंग बदलण्याच्या याच गुणाचा उपयोग 2006 साली एडिंबरा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पाण्यासाठी केला. बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. त्याला ना रंग, ना वास, ना चव. या मुलांनी ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकांत अशी जोडणी केली की पाण्यात आर्सेनिक असेल, तर जिवाणूने दुधातली साखर आंबवावी. आंबली की पाणी आम्ल होतं, आणि दर्शकाचा रंग पालटतो. विष आहे की नाही, ते डोळ्यांना दिसावं, असा तो बेत होता.

जनुकांचे सुटे भाग जोडून जिवाणूला नवं काम लावायचं, याला संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात. या विषयातली विद्यार्थ्यांची मोठी स्पर्धा म्हणजे आयजेम; एडिंबराचा प्रकल्प तिथलाच. अमेरिकेत एमआयटीमध्ये 2003 साली एक छोटा अभ्यासवर्ग झाला, पुढच्या वर्षी पाच विद्यापीठांची स्पर्धा झाली, आणि मग ती जगभर पसरली. आपल्याकडून पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था यांचे संघ तिथे उतरले आहेत. पण आज मला बक्षिसांबद्दल बोलायचं नाही. ही मुलं एकमेकांचं काम कसं वापरतात, त्याबद्दल बोलायचंय.

या स्पर्धेचा एक सामायिक साठा आहे. संघाने बनवलेला जनुकांचा भाग त्यात जमा होतो, पुढच्या वर्षी कुणीही तो मागून घ्यावा. 2007 साली मेलबर्नच्या संघाने एका जिवाणूची हवेचे सूक्ष्म फुगे तयार करणारी जनुकं त्यात ठेवली. फुगे असले की जिवाणू तरंगतो. मेलबर्नची मुलं पाणी शुद्ध करायला निघालेलीच नव्हती. दोन वर्षांनी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संघापुढे मात्र पाण्याचाच प्रश्न होता. जिवाणूने आर्सेनिकसारखी द्रव्यं पोटात साठवली, तरी ते जिवाणू पाण्यातून बाहेर कसे काढायचे? त्यांनी मेलबर्नचे फुगे घेतले. विष खाल्लेला जिवाणू वर तरंगत यावा आणि सायीसारखा काढून घेता यावा, अशी ती कल्पना. हे सहकार्य मला फार मोलाचं वाटतं. मेलबर्नच्या मुलांनी आपला भाग नीट नोंदवून, दुसऱ्याला वापरता येईल असा ठेवला, म्हणून हे जमलं.

आणि इथेच खरी अडचण येते. तुमच्या प्रयोगशाळेत जे चाललं ते माझ्याकडे चालेल का? समजा, जनुकं बदलून जिवाणूला चमकायला लावलं. तो किती चमकतो, हे यंत्र आकड्यात सांगतं. पण तो आकडा त्या यंत्रापुरता. पुण्याच्या यंत्रावरचे पाच हजार आणि बोस्टनच्या यंत्रावरचे पाच हजार एकच, असं म्हणताच येत नाही. जुन्या माणसांना आठवत असेल, एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारच्या पायलीशी जुळत नसे, आणि 1956 च्या कायद्याने किलो-लिटर आल्यावर ती कटकट मिटली. जीवशास्त्राचा हा बाजार अजून पायलीवर चालला होता.

मग 2014 पासून आयजेमने संघांना एक सामायिक काम दिलं: तेच जिवाणू, तीच कृती, सगळ्यांनी मोजायचं. 2018 च्या फेरीत 244 प्रयोगशाळांनी भाग घेतला. प्रश्न अगदी साधा होता. एकेक जिवाणू किती चमकतो हे सांगायचं, तर आधी जिवाणू मोजायला हवेत. द्रवाच्या गढूळपणावरून त्यात जिवाणू किती, हे कसं काढायचं? त्यासाठी एक युक्ती करून पाहिली. जिवाणूच्या आकाराचे सिलिकाचे बारीक मणी मोजून घ्यायचे, ते पाण्यात निम्मे-निम्मे पातळ करत जायचं, आणि दर पायरीला यंत्र काय दाखवतं ते लिहायचं. मण्यांची संख्या आधीच ठाऊक असल्याने यंत्राचा आकडा आणि खरी संख्या यांची सांगड बसते. तपासलेल्या तीन पद्धतींत हीच उजवी ठरली. 2020 साली याचा शोधनिबंध आला. पदवीच्या मुलांनी केलेलं हे मोजमाप, आणि आज मुरलेल्या संशोधकांनाही ते उपयोगी पडतं. मला तर याचं बक्षिसांहून अधिक अप्रूप आहे.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनी धरणात उतरतं. करमाळ्याच्या कडेच्या बॅकवॉटरवर हिरवा तवंग येतो, जलपर्णी माजते. मग कुणी म्हणेल, सोडा तिथे एखादा पाणी साफ करणारा जिवाणू. तसं करता येत नाही, आणि करूही नये. जनुकं बदललेले जीव मोकळ्यावर सोडण्यावर 1989 च्या नियमांनी आपल्याकडे निर्बंध आहेत. आयजेमही संघांना तशी मुभा देत नाही. एकदा धरणात गेलेला जिवाणू परत कोण गोळा करणार? शिवाय प्रत्येक पाण्याला असला जिवाणू लागतोच असं नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेने पाण्यातलं फ्लोराइड काढायला नालगोंडा पद्धत दिली, ती तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडरवर चालते. प्रकल्प निवडताना मुलांनी आधी हे विचारावं: तुरटीने भागतंय का?

आणि ते विचारायचं कुणाला? विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होतं, कोणत्या हापशाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे घरातल्या बाईला माहीत असतं. आयजेमच्या परीक्षणातही, ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे त्यांना विचारून तो घडवला का, हे पाहिलं जातं. पण एक प्रश्नावली भरून घेऊन निघून जाणं, याला मी सहकार्य म्हणणार नाही.

खऱ्या सहकार्याची वाट गावातच आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायची तरतूद आहे. त्यांच्याकडच्या तपासण्यांतली एक छोट्या बाटलीची. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, आणि घरातच एक-दोन दिवस ठेवून द्यायचं. पाणी काळं झालं, तर त्यात मैलापाणी मिसळल्याची शंका धरायची. सडलेल्या अंड्याचा वास देणारा वायू काही जिवाणू सोडतात, तो पट्टीतल्या लोहाशी मिळून हा काळा रंग देतो. यंत्र नको, वीज नको.

तेव्हा इथल्या शाळेतल्या मुलांनी यंदा एवढं करावं. पाणी तपासणाऱ्या बायकांबरोबर जाऊन एकाच आडाच्या पाण्याच्या दोन बाटल्या भराव्यात. एक त्यांनी ठेवावी, एक मुलांनी. तारीख, वेळ, पाऊस पडून गेला होता का, सगळं एकाच वहीत लिहावं. त्याच पाण्याचा तिसरा नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्यावा. तिन्ही उत्तरं जुळली तर छानच. न जुळली, तर वही घेऊन सगळ्यांनी एकत्र बसावं आणि फरक कुठून पडला ते शोधावं: बाटली आधी धुतली होती का, पाणी किती वेळ उन्हात राहिलं, खुणेपर्यंत भरलं होतं का. पुढे यातली कुणी मुलगी पुण्यातल्या एखाद्या संघात गेली, तर ती वही तिने सोबत न्यावी, आणि संघाचा प्रकल्प ठरण्याआधी टेबलावर ठेवावी.