अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई

(विहाराच्या वर्धापनदिनी माता-भगिनींच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



 आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत पाळी करून रात्री जे वाचले, चार जाणत्या माणसांकडून जे ऐकले, त्याच्याच भरवशावर उभे आहोत. चुकलो तर सांभाळून घ्या.

आज आपण वस्तीतल्या बायांचा सत्कार करतो आहोत. त्यातल्या एका मायने दर पौर्णिमेला घरोघर डबा फिरवून या विहाराच्या विटा जमवल्या. निमंत्रण द्यायला आम्ही तिच्या दारी गेलो तर ती म्हणते, "मले कायले बोलावता भाऊ? मी काय केलं? कमिटीवाल्यायले बोलवा." ते ऐकून आम्ही दारातच उभे राहिलो. आम्हाला अध्यक्षस्थानी बसलेली आपल्याच वऱ्हाडातली एक बाई आठवली.

२० जुलै १९४२. नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. आदल्या दोन दिवसांत तेथेच दलित वर्गाची मोठी परिषद होऊन शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली होती. महिला परिषदेला २० ते २५ हजार बाया जमल्या. अंगावर धड लुगडे नाही, शाळेची पायरी चढलेली नाही, अशाही त्यांत असतील. आणि अध्यक्षस्थानी कोण? अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे! बाबासाहेब त्या सभेला हजर होते. समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे ते तेथेच बोलले.

सुलोचनाबाईंनी भाषणात शिक्षणाबरोबर संततिनियमनाचा विषय काढला. १९४२ साली, भर सभेत! आजही सासूसमोर हा शब्द काढायला आपल्या सुना लाजतात.

निराळी परिषद कशाला, असे कोणी विचारील. तर त्यासाठी नागपूरच्या जाईबाई चौधरींचे उदाहरण ऐका. डोक्यावर ओझी वाहून त्या शिकल्या आणि मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले, तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसवण्यात आले. शिकलेल्या बायांनी शिकलेल्या बाईला! आपल्या बायांनी स्वतःचा मंडप घातला तो उगीच नाही.

त्या मंडपात कोणते ठराव झाले ते नीट ऐका. नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क बाईला कायद्याने मिळावा. एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी. मुलींसाठी वसतिगृहे निघावीत. कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत बायांना जागा असाव्यात. आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे यांत राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई, आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा निदान १५ रुपये पेन्शन मिळावे.

आणखी एक ठराव होता, त्याने आमचे मन धरून ठेवले. गिरणीत बायांच्या कामावर देखरेख करायला बाईच नेमावी! हा ठराव वाचला तेव्हा आम्हाला आमची माय आठवली. ती जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस टाकी. रुईचा भुसा नाकातोंडात, केसांत. संध्याकाळी घरी आली की म्हातारीसारखी पांढरी दिसे. कामाचे ती बोले, पण मुकादमाविषयी कधी बोलली नाही. विचारले तर "जाऊ दे बाप्पा" म्हणे. त्या 'जाऊ दे'त काय होते, ते आम्हाला हा ठराव वाचल्यावर उमजले. वीस वर्षांच्या वर हंगाम तिने काढले. पंधरा रुपये तर सोडाच, कामावर होती असा कागदही तिच्याजवळ नव्हता.

ठराव कागदावर राहतात, असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे असे की, काही राहिले, काही चालत गेले. हिंदू कोड बिल अडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. तरी १९५५ च्या विवाह कायद्याने काडीमोडाचा हक्क आला आणि एका वेळी एकच बायको, हे पक्के झाले. तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. पंचायती-नगरपालिकांत राखीव जागा आल्या त्या १९९३ पासून. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. लोकसभा-विधानसभेचा कायदा झाला २०२३ साली. म्हणजे त्या बायांनी मागितल्यावर ८१ वर्षांनी! आणि त्यातही जनगणना व मतदारसंघांची फेररचना झाल्यावर अंमल, अशी अट आहे.

दिल्लीला नावे ठेवणे सोपे आहे. आता आपल्या विहाराकडे या. बुद्धपौर्णिमेची खीर कोण शिजवते? पहाटे झाडू कोण मारते? त्रिशरण-पंचशील तोंडपाठ कोणाला? सगळीकडे बाया. आणि कमिटीच्या पाटीवर? आतापर्यंतची सगळी नावे आम्ही वाचून पाहिली. एकही बाई नाही. त्यात आमचेही नाव आहे, अनेक वर्षांपासून आहे, आणि हे आम्हाला आत्तापर्यंत खटकले नाही, हेही इथे कबूल करतो. घरी आमच्या मंडळींनी एकदा विचारले होते, "तुमच्या सभेत आमी फक्त चहाच आणाचा का?" आम्ही हसण्यावारी नेले होते.

तर आजच्या सत्काराच्या शालीबरोबर आमची एक सूचना आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत कमिटीच्या निम्म्या जागा बायांना द्याव्यात आणि जमाखर्चाची वही त्यांच्या हाती असावी. पौर्णिमेच्या डब्याचा हिशेब त्या मायने इतकी वर्षे लिहिता-वाचता येत नसताना पैशा-पैशाने सांगितला आहे, हे खजिनदारांना विचारा. जागा कुठून आणायच्या, हा प्रश्न निघेलच. म्हणून आमच्या जागेचा राजीनामा आम्ही लिहूनच आणला आहे. तो अध्यक्ष महोदयांच्या हाती देतो आणि खाली बसतो.

जय भीम! नमो बुद्धाय!