प्रवेशाचे आंकडे कसे वाचावे



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं गत वर्षांचा आढावा इतर वक्त्यांनीं आपणांपुढें मांडलाच आहे. आमच्याकडे विषय आला तो मुलामुलींच्या पुढील शिक्षणाचा. त्यांतही एका अशा भागाविषयीं आम्ही बोलणार आहों, कीं ज्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. नामांकित खासगी विद्यापीठांत प्रवेश मिळणें किती कठीण अथवा किती सोपें आहे, हें सांगणारे आंकडे हल्लीं घरोघर येऊन पोहोंचतात. ते वाचून कोणी हुरळून जातो, कोणी हातपाय गाळून बसतो. परंतु त्या आंकड्यांचा अर्थ काय, हें विचारणारा विरळा.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आपल्याच जिल्ह्यांतील एक होतकरू मुलगा आमच्याकडे सल्ला विचारावयास आला होता. परदेशांतील एका विद्यापीठाकडे अर्ज करावा कीं करूं नये, एवढाच त्याचा प्रश्न होता. तेथें शंभर अर्जदारांपैकीं चारच घेतले जातात, असें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. “शंभरांत चार! अर्जाचे पैसे कशाला दवडतोस?” असें आम्हीं त्यास म्हटलें, आणि त्यानें अर्ज केला नाहीं. तो घेतला गेला असता कीं नसता, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. परंतु ज्या आंकड्याच्या आधारें आम्हीं त्यास परत पाठविलें, तो आंकडा आम्हांस वाचतां येत नव्हता, हें मात्र आज आम्हांस पक्कें कळून चुकलें आहे. ती चूक आपणांपैकीं कोणाच्या हातून होऊं नये, म्हणून हा प्रपंच.

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. बाजार समितीच्या फळ्यावर हळदीचे तीन भाव लिहिलेले असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल भाव वाचून कोणताही शहाणा शेतकरी घरीं जाऊन मुलीच्या लग्नाची तारीख धरीत नाहीं. तो विचारतो, हा भाव हळकुंडाचा कीं गड्ड्याचा? माल किती आला होता? ओला होता कीं वाळलेला? एवढें विचारल्यावांचून आपण पोतें सोडीत नाहीं. मग ज्या पोराच्या शिक्षणासाठीं तें पोतें विकावयाचें, त्याच्या प्रवेशाचा आंकडा मात्र आपण एकही प्रश्न न विचारतां कां स्वीकारतों?

उदाहरणासाठीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठ घेऊं. कारण तें खासगी आहे, त्याचे आंकडे प्रसिद्ध झालेले आहेत, आणि निवडीविषयीं त्याची ख्याति सर्वश्रुत आहे. २०२० सालीं तेथें ४०,२४८ अर्ज आले आणि १,९८० जणांस प्रवेश देऊं केल्याचें जाहीर झालें. म्हणजे शेंकडा ४.९. पुढच्याच वर्षीं, २०२१ सालीं, अर्ज आले ५७,४३५ आणि निवड झाली १,९६८ जणांची. म्हणजे शेंकडा ३.४. वरवर पाहणारा म्हणेल कीं, एका वर्षांत हें विद्यापीठ केवढें दुर्गम झालें! पण निवडलेल्यांची संख्या पाहा. ती केवळ बारांनीं कमी झाली. वाढले ते अर्ज, आणि तेही सतरा हजारांनीं. कारण असें कीं, महामारीमुळें त्या वर्षीं प्रवेशपरीक्षेचे गुण कळविण्याची सक्ति विद्यापीठानें उठविली होती. ज्यांनीं एरव्हीं धीर केला नसता, त्यांनींही अर्ज धाडले. खालचा आंकडा फुगला, म्हणून भागाकार घटला. वर्गांतील बांकें तितकींच राहिलीं.

यावरून पहिला धडा हा कीं, शेंकडेवारी ऐकली कीं वरचा आंकडा आणि खालचा आंकडा असे दोन्ही वेगळे मागावे. अधिक अर्ज आले कीं प्रमाण आपोआप खालीं येतें, आणि प्रमाण खालीं आलें कीं विद्यापीठाचा मान लोकांत वाढतो. अर्ज मागविण्यासाठीं काढलेल्या जाहिरातींचा हाही एक उपयोग असतो, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरा धडा असा, कीं ती शेंकडेवारी सर्वांची मिळून असते, तुमची नव्हे. त्याच २०२१ सालच्या निवडींत ज्यांनीं लवकरच्या मुदतींत अर्ज केले होते, असे १०,०८६ जण होते व त्यांतील ७४७ तेव्हांच घेतले गेले. म्हणजे शेंकडा ७.४. मागाहून अर्ज करणाऱ्यांच्या वांट्यास शेंकडा तीनही आले नाहींत. २०१८ सालीं बॉस्टन येथील न्यायालयांत या विद्यापीठावर जो खटला चालला, त्यांत सहा वर्षांच्या निवडीचे आंकडे उघड झाले. माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांपैकीं शेंकडा सुमारे ३४ घेतलीं गेलीं होतीं आणि इतरांपैकीं शेंकडा सुमारे ६. दरवाजा एकच दिसतो, पण आंत जाण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि प्रत्येक वाटेवरची गर्दी निराळी आहे.

हें आपल्या देशांतही तितकेंच खरें आहे. मुंबईचें सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ पासून चालत आलेलें. तेथें ख्रिस्ती अल्पसंख्य समाजाच्या विद्यार्थ्यांसाठीं वेगळी यादी लागते. वर्तमानपत्रांत छापून येणारी शेवटच्या गुणांची मर्यादा बहुधा खुल्या यादीची असते. ती वाचून आपल्यांतील कित्येक मुलें अर्जच करीत नाहींत. याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळें ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांस अनुसूचित जातींच्या गटांत स्थान नाहीं. महाराष्ट्रांत त्यांची गणना इतर मागासवर्गांत होते. शेजारच्या घरांतील मुलाला जी मर्यादा लागू पडली, ती आपल्या मुलाला लागू पडेलच असें नाहीं. म्हणून आपलें नांव कोणत्या यादींत जाणार, हें आधीं ठरवावें आणि मग त्या यादीचा आंकडा पाहावा.

निरनिराळे गट एकत्र केले असतां आंकडे कसे फसवितात, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९७३ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथील सरकारी विद्यापीठांत उच्च शिक्षणासाठीं आलेल्या पुरुषांपैकीं शेंकडा ४४ आणि स्त्रियांपैकीं शेंकडा ३५ घेतले गेले. अर्थात् स्त्रियांवर अन्याय होतो, असा सर्वांचा समज झाला. मग एकेका विभागाचे आंकडे तपासले गेले. त्यांतील दोनच विभाग आपण पाहूं. एकांत ८२५ पुरुषांपैकीं ५१२ घेतले गेले आणि १०८ स्त्रियांपैकीं ८९. म्हणजे पुरुष शेंकडा ६२, स्त्रिया शेंकडा ८२. दुसऱ्यांत ३७३ पुरुषांपैकीं २२ आणि ३४१ स्त्रियांपैकीं २४. म्हणजे पुरुष शेंकडा ६, स्त्रिया शेंकडा ७. दोन्हीं ठिकाणीं स्त्रियाच पुढें! आतां दोहोंची बेरीज करा. १,१९८ पुरुषांपैकीं ५३४, म्हणजे शेंकडा सुमारे ४५. आणि ४४९ स्त्रियांपैकीं ११३, म्हणजे शेंकडा सुमारे २५. बेरजेंत पुरुष पुढें गेले! यांत जादू नाहीं. स्त्रियांचे अर्ज अधिक करून त्या विभागांकडे गेले होते, जेथें कोणासच सहजासहजीं प्रवेश मिळत नसे. कागद घेऊन हें गणित घरीं एकदां अवश्य करून पाहावें, अशी आमची विनंति आहे.

आतां पर्सेंटाइलकडे वळूं. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकीं ९० गुण, अशी समजूत अनेक घरांत आहे. ती चुकीची आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेस बसलेल्या दर शंभरांपैकीं नव्वद जण आपल्या बरोबरीला किंवा मागें आहेत. एक लक्ष विद्यार्थी बसले असतील, तर आपल्यापुढें सुमारे दहा हजार आहेत! पेढे वांटावयाचे तर वांटावे; पण जागा किती आहेत हें विचारून मग वांटावे.

‘पात्र’ या शब्दाचेंही तसेंच आहे. २०२४ सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेस सुमारे २३ लक्ष ३३ हजार विद्यार्थी बसले, त्यांतील सुमारे १३ लक्ष पात्र ठरले, आणि एम्.बी.बी.एस्.च्या जागा देशभर मिळून सुमारे १ लक्ष १० हजार. पात्र ठरलेल्या दर बारा जणांमागें एक जागा! त्याच परीक्षेंत पूर्ण ७२० गुण मिळविणारे प्रथम ६७ जाहीर झाले आणि सुधारलेल्या निकालांत ते १७ उरले. तेव्हां आंकडा कोणत्या तारखेचा, हेंही पाहावें लागतें.

येथेंच खासगी विद्यापीठांचा खरा भेद उघड होतो. त्यांच्या शेवटच्या फेरींत पुष्कळदां फार कमी गुणांवर जागा मिळते. ती यादी दाखवून दलाल म्हणतो, “पाहा, येथें प्रवेश सोपा आहे.” परंतु महाराष्ट्रांतील कित्येक अभिमत विद्यापीठांत वैद्यकीय शिक्षणाची फी वर्षास वीस लक्षांच्या वर आहे. अधिक गुणांचे विद्यार्थी तेथून मागें फिरले ते गुणांअभावीं नव्हे, पैशाअभावीं. त्या यादीचा शेवटचा आंकडा बुद्धीची पायरी दाखवीत नाहीं. फी भरूं शकणारे कोठें संपले, हें दाखवितो. २०२४ सालीं राज्यांत दहा नवीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें सुरू झालीं, त्यांत आपलें हिंगोलीही आहे. शासकीय आणि खासगी या दोन यादी शेजारीं ठेवून पाहिल्या, म्हणजे आमच्या म्हणण्याची सत्यता पटेल.

प्रवेश मिळणें आणि जातां येणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१३ सालीं डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आजही विद्यापीठाची निवड करतांना पहिल्या पत्रांतच विचारावें कीं, अर्जदाराची ऐपत पाहून निवड होते काय? हार्वर्डमध्यें परदेशी अर्जदाराचीही ऐपत निवडीच्या वेळीं पाहिली जात नाहीं, आणि गरज असेल तितकें साहाय्य मिळतें. अनेक विद्यापीठांत तसें नाहीं. ज्या मुलाला आम्हीं परत पाठविलें, त्याला हा भेद आम्हीं सांगावयास हवा होता. पण आम्हांस स्वतःलाच तो ठाऊक नव्हता.

त्याच हार्वर्डमधून १९२९ सालीं एक मराठी तरुण पदवीधर झाला होता. गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले, धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव दामोदर, हे ते गृहस्थ. पुढें ते गणिती म्हणून नांवारूपास आले, आणि संख्याशास्त्राचा उपयोग त्यांनीं प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाकडे केला. नाणें हातोहात फिरतें तसें झिजतें. म्हणून त्यांनीं नाण्यांवरचा छाप पाहून न थांबतां तीं तराजूंत घातलीं, आणि वजनांवरून त्यांचा काळ व क्रम शोधला. आंकड्यांशीं असेंच वागावें. छाप पाहावा, पण वजन केल्यावांचून राहूं नये.

शेवटीं, प्रवेशाचा कोणताही आंकडा पुढें आला असतां विचारावयाचे पांच प्रश्न सांगतों. ते लिहून घ्यावे. हे किती जणांपैकीं किती? हा आंकडा कोणत्या वर्षाचा, कोणत्या फेरीचा? माझ्या मुलीचें नांव ज्या यादींत जाईल त्या यादीचा हा आंकडा आहे काय? प्रवेश देऊं केलेले मोजले आहेत, कीं प्रत्यक्ष दाखल झालेले? आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकंदर खर्च किती? या पांचांचें उत्तर लेखी न देणाऱ्या मध्यस्थाच्या हातीं एक रुपयाही ठेवूं नये.

आणि नकार आला तर? आपल्या परिचयाच्या एका घरांत नकाराचें पत्र आल्यावर ती मुलगी महिनाभर घराबाहेर पडली नव्हती, आणि “आमचीच कमी पडली” असें आईबाप सांगत असत. सत्तावन्न हजारांतून दोन हजार निवडतांना जे पंचावन्न हजार बाहेर राहतात, ते सर्व नालायक असतात, असें तें विद्यापीठही म्हणत नाहीं. बांकें संपलीं, एवढेंच त्या पत्राचें म्हणणें असतें. तें पत्र त्या मुलीला असें वाचून दाखवावयास घरांत कोणीतरी पाहिजे होतें.

तो मुलगा आज नोकरीस लागला आहे आणि सुखी आहे. त्यानें आम्हांस कधीं दोष दिला नाहीं. तथापि, पुढच्या वेळीं जो कोणी असा प्रश्न घेऊन आमच्या दारीं येईल, त्याला आम्ही प्रथम पाट देऊं, मग कागद-पेन्सिल देऊं, आणि दोघे मिळून भागाकार करूं. आपणांपैकीं प्रत्येक घरीं हाच परिपाठ पडावा, एवढेंच मागणें करून आम्ही आपली रजा घेतों.