स्प्रिंगविना बंद होणारी झडप

वेगवान मोटरसायकलींसाठी जगभर ओळखली जाणारी इटलीची डुकाटी कंपनी १९२६ साली बोलोन्या शहरात सुरू झाली, ती चक्क रेडिओचे सुटे भाग बनवण्यासाठी! मोटरसायकली आल्या दुसऱ्या महायुद्धानंतर.

१९५४ मध्ये फाबिओ तालिओनी हे अभियंते तिथे रुजू झाले. त्यांच्यापुढे प्रश्न होता झडपांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा. नेहमीच्या इंजिनात कॅम, म्हणजे उंचवटा असलेला फिरता भाग, झडप उघडतो आणि स्प्रिंग ती बंद करते. पण इंजिन फार वेगाने फिरू लागले, की स्प्रिंग मागे पडते. झडप वेळेवर मिटत नाही, ताकद घटते, कधी पिस्टन झडपेवर आदळतो. तालिओनींनी झडप मिटवण्याचे कामही दुसऱ्या कॅमकडे सोपवले. या रचनेला डेस्मोड्रोमिक म्हणतात. कल्पना जुनीच होती. तिला मोटरसायकलींच्या शर्यतीत आणि पुढे रस्त्यावर यशस्वी केले ते तालिओनींनी. १९५६ मध्ये स्वीडनच्या शर्यतीत या इंजिनाची १२५ सीसी गाडी पहिल्याच प्रयत्नात जिंकली.

पुढे ९० अंशांत मांडलेली दोन सिलिंडर आली. या मांडणीमुळे इंजिनाचा हादरा कमी होतो, गाडी सडपातळ राहते. याच मांडणीची १९९४ ची ‘९१६’ ही मोटरसायकल म्हणजे अभिकल्पक मासिमो ताम्बुरिनी यांची देखणी निर्मिती. मागचे चाक एकाच बाजूने धरलेले, सायलेन्सर सीटखाली.

यंत्राची गरज आणि डोळ्यांचे सुख इथे एकत्र नांदते. या गाड्यांची खरी मोहिनी तीच.