पाणि, पाणी आणि पानी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन, आणि एकेकाळी माझा डबा पळवणाऱ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

आयोजक मला म्हणाले, "तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतलास, त्यावरच पंधरा मिनिटं बोल." खरं आहे ते. सांगलीतल्या एका छापखान्यात मी तीस वर्षं मुद्रितं तपासली. मुद्रितशोधक म्हणजे असा माणूस, की पुस्तक चांगलं निघालं तर लेखकाचं नाव होतं आणि चूक राहिली तर याचं. दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका, कॉलेजांचे वार्षिक अंक, पदरमोड करून काढलेल्या कादंबऱ्या, सगळं या डोळ्यांखालून गेलं. त्यात माझा सगळ्यांत जास्त जीव हौशी कथालेखकांवर. दिवसभर शेतात, शाळेत, बँकेत, कारखान्यावर राबायचं आणि रात्री घर झोपल्यावर नायिकेला जागं करायचं, हे काही सोपं काम नाही. तेव्हा आज त्यांच्या शब्दांवर हसू, त्यांच्यावर नको.

सुरुवात लग्नापासून करतो. एका कथेच्या शेवटी वाक्य होतं, "सनईच्या सुरात त्या दोघांचे पाणीग्रहण झाले." आता पाणि म्हणजे हात. वराने वधूचा हात हातात घेतला की ते पाणिग्रहण. वेलांटी दुसरी दिली, की हात सुटतो आणि नुसतं पाणी उरतं. आपल्या भागात पाणीग्रहण करायचं तर आधी पाणीपुरवठा संस्थेत अर्ज द्यावा लागतो, पाळी लागते आणि रात्री दोनला उठून मोटर चालू करावी लागते. सनई कुणी वाजवत नाही.

दुसऱ्या कथेतलं जोडपं त्याहून तडफदार. "पहिल्याच भेटीत त्यांचे सुत जुळले." सूत म्हणजे धागा. सुत म्हणजे मुलगा. पहिल्या भेटीत मुलगा जुळला म्हटल्यावर मी समासात बारीक अक्षरात लिहिलं, "इतकी घाई नको."

एका कथेतला बाप फार तापट होता. "संतापाने त्याचे शिर थाडथाड उडू लागले." उडायला हवी होती कपाळावरची शीर, इथं मुंडकंच उडालं. गंमत म्हणजे पुढच्या पानावर हाच बाप पुन्हा बोलायला हजर! ऐतिहासिक कादंबरीत एक महाराज "घाईघाईने प्रसादात शिरले" होते. जायचं होतं प्रासादात, म्हणजे राजवाड्यात. एका काान्यासाठी महाराजांना सत्यनारायणाच्या शिऱ्यात उतरावं लागलं.

एका नायकाने आपल्याला शिकवणाऱ्या गुरुजींचे पाय धरले आणि तो म्हणाला, "मी आपला आजन्म कृतघ्न राहीन." कृतज्ञ म्हणजे उपकार जाणणारा, कृतघ्न म्हणजे उपकारांवर पाणी सोडणारा. हा शब्द मी दुरुस्त केला, पण पुढची दोन प्रकरणं वाचल्यावर वाटलं, लेखकाचंच बरोबर होतं. गडी शेवटपर्यंत गुरुजींकडं फिरकला नाही.

अशी काही चुकलेली वाक्यं खरं बोलून जातात. एका फलकाच्या मजकुरात "शिक्षक दीन" आलं होतं. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बिचारा. मी वेलांटी बदलायला पेन उचललं, तर शेजारी बसलेले विनाअनुदानित शाळेतले एक मास्तर म्हणाले, "राहू द्या की. आमच्यापुरतं बरोबर आहे." आणि एका कथेत होतं, "लेकीच्या लग्नाच्या चितेत बाप रात्रभर जळत होता." चिंतेवरचं टिंब गळलं होतं. टिंब मी दिलं, पण वाक्य तसंच सोडून उठायला मन होईना.

हसून झालं असेल तर आपल्या निमंत्रणपत्रिकेकडं वळू. शेवटच्या ओळीत लिहिलंय, "कार्यक्रमानंतर अल्पोपहार." उपहार म्हणजे भेटवस्तू. खायचा तो उपाहार, म्हणून अल्पोपाहार. पत्रिकेप्रमाणे वागायचं तर पोह्याची प्लेट रंगीत कागदात बांधून, वर रिबन लावून घरी न्यायला पाहिजे. निम्म्या महाराष्ट्रातल्या हॉटेलांवर 'उपहारगृह' अशीच पाटी असते आणि तिथं फुकट काहीच मिळत नाही.

असं का होतं? सगळा दोष लिहिणाऱ्याचा नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे खरेदीखत, गहाणखत मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, तरी व्यवहार अडला नाही. पुढं छापील बाळबोध लिपी घरोघर आली आणि वेलांटी पहिली की दुसरी, हा प्रश्न आला. आणि बोलताना आपण दिन आणि दीन वेगळे काढून दाखवतो का? नाही. कान मदत करत नाही, म्हणून ते पाठ करावं लागतं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले, असे एकूण १८. आता त्यात फोनची भर पडली. आपण दोन अक्षरं टाइप करायची, उरलेला शब्द तो स्वतःच पुढं करतो, आणि आपण भिडस्त माणसं, त्याला नाही म्हणत नाही. एका अक्षराने काय होतं, हे आपण 'ध चा मा'च्या गोष्टीत ऐकलंच आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा 'धरावे'चं 'मारावे' झालं होतं म्हणतात. गोष्ट खरी असो की रचलेली, तिथं निदान कुणीतरी मुद्दाम केलं होतं.

पण तीस वर्षांत माझ्या एक लक्षात आलं, ते आज सांगायचं आहे. वर सांगितलेले शब्द बघा. पाणिग्रहण, सुत, शिर, प्रासाद, कृतज्ञ. यातला एकही शब्द लेखकाच्या घरात रोज वापरात नव्हता. कथा लिहायची म्हणून तो शब्द शेजारून मागून आणला होता, पाहुण्यांसाठी कपबश्या मागून आणाव्यात तसा. मागून आणलेली कपबशीच हातातून सुटते.

आता उलट बाजू सांगतो. आपल्या पलूस तालुक्यातल्या एकाही लेखकाने खोडवा आणि निडवा यांत घोटाळा केलेला मी पाहिला नाही. पहिल्या तोडीनंतर पुन्हा फुटतो तो खोडवा, त्याच्या पुढचा निडवा. उसाच्या टनात फरक पडतो, मग शब्दात कसा पडेल? द्राक्षवाला एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळ छाटणी यांची अदलाबदल करेल काय? केली तर वर्ष हातचं जाईल. सरी आणि वाफा, वेसण आणि कासरा, हे शब्द झोपेतही चुकत नाहीत, कारण ते हाताने धरलेले आहेत. पण कथेत मात्र हे शब्द दिसतच नाहीत! तिथं नायक 'निसर्गरम्य परिसरात विहार' करतो. द्राक्षबागेत औषध फवारून निळी झालेली बोटं घेऊन तो लिहायला बसतो आणि लिहितो चांदण्यातल्या प्रासादाबद्दल. का? तर आपले शब्द 'अशुद्ध' आहेत, असं त्याला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं.

शुद्धलेखन आणि शुद्ध भाषा या दोन गोष्टींची अदलाबदल हीच माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक आहे, आणि ती लेखकापेक्षा वाचणाऱ्याकडून जास्त होते. 'पाणीग्रहण' ही चूक आहे. पण कथेतल्या आजीने "पोरा, पानी दे" म्हटलं तर ती चूक नाही. ती आजी आहे. आपल्या भागात एका आळीत ण ऐकू येतो, दुसऱ्या आळीत न. त्या १८ नियमांनीही पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालायला मुभा ठेवलेली आहे.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यातल्या लेखकाचं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपात आली. त्यात गोष्ट सांगणारा तरुण मास्तर प्रमाण मराठीत सांगतो आणि धनगर आपल्या बोलीत बोलतात. दोन्ही भाषा एकाच पानावर शेजारी नांदतात आणि एकमेकींच्या वेलांट्या काढत नाहीत. तिकडं वाळव्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळेची पायरी नावापुरती चढलेला माणूस, आणि १९५९ साली 'फकिरा' देऊन गेला.

आता कुंडलचं बघा. स्वातंत्र्यलढ्यात १९४३ च्या सुमारास क्रांतिसिंह नाना पाटलांचं आणि जी. डी. बापू लाडांचं सरकार या भागात चाललं, कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. त्याचं नाव प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या समोर उभं केलेलं दुसरं सरकार. लोकांनी त्याचं केलं 'पत्री सरकार'. गावगुंडांच्या आणि फितुरांच्या तळपायांना पत्री मारतात, म्हणून पत्री. 'प्रति' हा उपसर्ग पोथीतला, पत्री मात्र सगळ्यांनी पाहिलेली. माझ्या टेबलावर अशी कथा आली, तर लेखकाच्या निवेदनात मी 'प्रतिसरकार' ठेवीन. पण कथेतली म्हातारी "पत्री सरकार आलं, दार उघडा" म्हणाली, तर त्या 'पत्री'ला मी हात लावणार नाही. तिथं 'प्रति' केलं तर शब्द सुधारेल आणि म्हातारी खोटी पडेल.

एक गोष्ट मात्र लेखकांनाही ऐकवायला हवी. बऱ्याच कथांत पाटील छापील मराठी बोलतो आणि त्याचा गडी तेवढा "पानी" म्हणतो. दोघं एकाच गावात जन्मले, एकाच ओढ्यात पोहले. मग एकालाच बोली का? जिथं बोली फक्त गरिबाच्या तोंडी आणि तीही हसू आणायला येते, तिथं वेलांट्या सगळ्या बरोबर असल्या तरी लेखन चुकलेलं असतं.

आपल्या वर्गातला एकजण आठवतो. नाव सांगत नाही, तो समोर बसलाय. नववीत तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याची निबंधाची वही उचलली आणि 'पानी', 'कोन', 'आनि' असे शब्द एकेक करून मोठ्याने वाचले. वर्ग हसला. तो त्यानंतर पेपरात उत्तरं लिहायचा तेवढंच. निबंधाला दहा ओळी आणि खाली रेघ. पुढं शेती, संसार, नातवंडं. परवा त्याने या स्मरणिकेसाठी दोन पानं माझ्याकडं दिली, २०१९ च्या महापुराची. वर चिठ्ठी लावलेली, "शुद्ध करून छाप, नाहीतर फाडून टाक." त्याच्या परवानगीने दोन वाक्यं वाचतो.

"पानी पयल्या पायरीला आलं तवा आईनं चूल सारवाय घेतली. म्हनली, बुडायचीच हाय, तर सारवल्याली बुडू दे."

मित्रहो, तीस वर्षांत मी हजारो पानं वाचली, अशी वाक्यं फार थोडी मिळाली. मी ती शुद्ध करून बघितली. "पाणी पहिल्या पायरीपर्यंत आले तेव्हा आईने चूल सारवावयास घेतली." सगळ्या वेलांट्या जागेवर. फक्त त्याची आई त्या वाक्यातून उठून गेली होती. मी ते फाडलं आणि त्याचं होतं तसं ठेवलं. एका ठिकाणी पूर्णविराम दिलाय, तेवढी माझी मजुरी.

आपला भाग लिहिणाऱ्यांचा आहे. शेजारच्या किर्लोस्करवाडीतून १९२० पासून मासिक निघत होतं, पुढं तिथूनच 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. औदुंबरला कवी सुधांशूंच्या गावी दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. आणि आपल्या शंभरावर माणसांच्या तुकडीकडून स्मरणिकेसाठी आजवर किती लेख आले? सात. त्यातले चार 'आयुष्याच्या संध्याछायेत' असे सुरू होतात. काल मी चार-पाच जणांना विचारलं, का लिहीत नाही? सगळ्यांचं उत्तर एकच, "आपलं शुद्धलेखन कच्चं हाय." मैत्रिणींनी तर वह्या असल्याचंही कबूल केलं, पण दाखवायला तयार नाहीत.

तेव्हा हे जाहीर करतो. संपादक मंडळाने महिनाअखेरची मुदत दिली आहे. ज्याला जे आठवतं ते त्याने आपल्या शब्दांत लिहावं. घंटेची पट्टी, प्रार्थनेची रांग, सहलीची एसटी, कारखान्याच्या भोंग्यावर लावलेलं घड्याळ, काहीही. एवढीच अट, की शब्द हाताळलेला असावा. मागून आणलेला वापरायचाच असेल, तर शब्दकोश उघडून एकदा बघावं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि बोलणाऱ्या माणसाला त्याच्या घरात बोलतो तसं बोलू द्यावं. वेलांट्या, उकार, टिंबं माझ्याकडं सोडा. पगार बंद झालाय, सवय सुटलेली नाही.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपणा सर्वांचा आजन्म कृतज्ञ राहीन. संपादकांना विनंती, हा शब्द छापताना तेवढा दोनदा तपासावा.